निवडक जालसंपर्क दोष

निवडक जालसंपर्क दोष म्हणजे संगणक नेटवर्कला जोडलेला असूनही काही ठरावीक संकेतस्थळांशी, सेवांशी किंवा उपकरणांशीच संपर्क न होणे. अशा दोषात संपर्काचा बराचसा मार्ग शाबूत असतो. त्यामुळे काय चालते व काय चालत नाही, यांची तुलना हाच निदानाचा मुख्य आधार ठरतो.

निदान

न उघडणारे संकेतस्थळ त्याच राउटरवरील दुसऱ्या संगणकात उघडल्यास दोष पहिल्या संगणकात असण्याची शक्यता अधिक. ते फक्त मोबाइल डेटावर उघडत असल्यास राउटर किंवा सेवापुरवठादाराकडे संशय जातो. ब्राउझरने साठवलेली जुनी पाने या तपासणीत दिशाभूल करतात.

संकेतस्थळाच्या नावाचे आयपी पत्त्यात रूपांतर डीएनएस ही यंत्रणा करते. आयपी पत्त्यावर संपर्क होतो, पण नावाने होत नाही, असे आढळल्यास डीएनएसची मांडणी तपासतात. संगणकाच्या होस्ट्स फाइलमधील चुकीची नोंदही एखादेच संकेतस्थळ अडवू शकते. पिंग आज्ञेला उत्तर न मिळणे हा मात्र पुरावा नव्हे. अनेक सर्व्हर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत.

पान उघडू लागते आणि मध्येच अडकते, ही तक्रार अधिक फसवी असते. इथरनेटवर एका पॅकेटची नेहमीची कमाल मर्यादा १५०० बाइट असते. पीपीपीओई पद्धतीच्या ब्रॉडबँड जोडणीत ८ बाइट खर्च होऊन १४९२ उरतात. पॅकेट मोठे असल्याची सूचना फायरवॉलने अडवली, तर लहान पॅकेटे पोहोचतात व मोठी वाटेतच नाहीशी होतात. राउटरमधील एमटीयू हे मूल्य कमी केल्यास हा दोष बहुधा दूर होतो.

संगणकाचे घड्याळ चुकलेले असल्यास सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी 'डीएसटी रूट सीए एक्स३' या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा अद्ययावत न केलेल्या अनेक जुन्या उपकरणांवर काही संकेतस्थळे उघडेनाशी झाली. घड्याळ बरोबर असूनही ही अडचण आली.

संगणकाबाहेरील कारणे

प्रत्येक अडथळा हा बिघाड नसतो. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९अ अन्वये टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. बाकीचे आंतरजाल सुरू होते. जून २०२३ मध्ये कोल्हापूर शहरातील तणावानंतर इंटरनेट सेवा तात्पुरती बंद करण्यात आली. अशा वेळी कार्यालयातील छपाईयंत्र वा सामायिक फाइली स्थानिक नेटवर्कवर चालू राहू शकतात, त्यामुळे बाहेरील संपर्क बंद असल्याचे लगेच ध्यानात येत नाही.

विद्यार्थ्यांना भेडसावणारे कारण याहून साधे आहे. विद्यापीठाने वर्गणी भरलेल्या शोधपत्रिका वाचकाची ओळख सहसा परिसराच्या आयपी पत्त्यावरून पटवतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या संस्थेच्या परिसरात वाचता येणारा लेख, त्याच लॅपटॉपवर राजारामपुरीतील घरी बंद दिसतो, तो या कारणाने. तेथे संगणकाची मांडणी बदलून उपयोग नसतो. ग्रंथालयाकडून दूरस्थ प्रवेशाचे खाते मिळवावे लागते.