छत्री उघडल्यानंतर

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा 16 एप्रिल 2025 रोजी सुरू झाली. वैमानिक घडवणारी एअर इंडियाची शाळाही तिथेच उभारायला घेतली. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढायची वाट लोक वर्षानुवर्षं पाहत आहेत, तो भाग वेगळा. पण एकूणात वऱ्हाडातल्या पोरांना आभाळ जरा जवळ आल्यासारखं वाटू लागलंय. माझा अकोल्याचा पुतण्या बावीस वर्षांचा आहे. एका रात्री जेवताना त्याने जाहीर केलं की, तो हरियाणात नारनौलला जाऊन विमानातून उडी मारणार. वहिनींचा हात भाकरीवरच थांबला. "काहून रे बावा? पाय ठेवाले जमीन कमी पडली काय?" आणि लगेच दुसरा प्रश्न, जो या खेळाचं नाव काढताच प्रत्येक घरात विचारला जातो : "छत्रीच नाही उघडली तं?"

त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यावं म्हणून मी अपघातांचे अहवाल वाचायला घेतले. वाचता वाचता लक्षात आलं की, वहिनींची भीती खरी आहे, फक्त ती चुकीच्या जागी बसली आहे.

अमेरिकेतली पॅराशूट संघटना प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवते. 1961 साली तिथे 14 जण दगावले. 1970च्या दशकात ही संख्या वर्षाला सरासरी 42च्या वर गेली. 2023 साली सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि 10 माणसं गेली. 2024 साली 9. मधल्या 2022 साली मात्र 20 होती, म्हणून एखाद्या चांगल्या वर्षाचा आकडा छातीला लावून फिरू नये. नवखा माणूस प्रशिक्षकाच्या पुढ्यात पट्ट्यांनी बांधला जाऊन उडी मारतो, तिला टँडम म्हणतात. तिथे तर साधारण पाच लाख उड्यांमागे एका प्रवाशाचा मृत्यू असं गेल्या दशकभराचं प्रमाण आहे.

मृत्यू मोजणं सोपं असतं, दुखापत मोजणं कठीण. मोडलेला घोटा घेऊन माणूस गुपचूप घरी जातो. त्यामुळे स्वीडनमधला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. 1999 ते 2003 या पाच वर्षांतल्या तिथल्या सगळ्या उड्या आणि दुखापती त्यांनी पडताळल्या. दर एक लाख उड्यांमागे 48 वेळा कुणाला तरी इजा झाली होती, म्हणजे ढोबळ मानाने दोन हजार उड्यांत एकदा. पाय, पाठीचा कणा आणि खांदे हे शरीराचे भाग जास्त सापडले. शिकाऊंना इजा जास्त वेळा झाली, पण सर्वांत गंभीर इजा परवानाधारकांना झाल्या. आणखी एक गोष्ट तिथे दिसली : शिकवण्याच्या दोन पद्धतींपैकी एकीत दुखापतींचं प्रमाण दुसरीच्या निम्म्याहूनही कमी होतं. खेळ तोच, आभाळ तेच, फरक शिकवण्याचा.

छत्री उघडली नाही तर काय, यावर या खेळातल्या लोकांनी पन्नास वर्षं डोकं लावलंय. पाठीवरच्या पिशवीत एक नाही, दोन पॅराशूट असतात. मुख्य छत्री बिघडली तर ती एका झटक्यात सोडून देता यावी म्हणून बिल बूथ या अमेरिकन माणसाने 1970च्या दशकात तीन कड्यांची एक साधी जोडणी काढली. ती आज जगभर वापरात आहे. राखीव छत्री घडी करण्याचं काम परवाना असलेल्या माणसाचं, आणि अमेरिकी नियमानुसार दर 180 दिवसांनी ती पुन्हा उघडून तपासून घडी करावी लागते. माणूस बेशुद्ध पडला किंवा भान हरपला तर? त्यासाठी 1991 साली जर्मनीतून सायप्रेस नावाचं छोटं यंत्र आलं. माणूस साडेसातशे फुटांच्या आसपास येऊनही ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने पडत असेल, तर ते राखीव छत्रीची पिशवी बंद ठेवणारा दोरा स्वतःच कापतं आणि ती छत्री उघडते.

एवढं झाल्यावर मृत्यू संपायला हवे होते. ते कमी झाले, पण उरलेल्यांनी जागा बदलली. पूर्णपणे उघडलेल्या, धडधाकट छत्रीखाली माणसं मरू लागली. बूथ यांनीच याचं निदान केलं : साधनं जितकी सुरक्षित होत जातात तितकी माणसं जास्त धाडस करतात. लहान, वेगवान छत्र्या आल्या. तीच छत्री हलक्या माणसाखाली संथ चालते आणि जड माणसाखाली सुसाट, हे वजन आणि कापडाचं क्षेत्रफळ यांचं साधं गणित आहे. तरी शंभर-दोनशे उड्या झालेला तरुण मित्राची पाहून छोटी छत्री घेतो. वळायचं तर एका हाताची दोरी खाली ओढायची, मग छत्री त्या बाजूला कलते आणि सूर मारते. हजार फुटांवर याचं काही वाटत नाही. शंभर फुटांवर तीच गोष्ट केली तर छत्री सरळ होण्याआधी जमीन येते. कुणी हे थरारासाठी करतो, तर कुणी शेवटच्या क्षणी समोरची बाभूळ चुकवायला. दुसऱ्याचं मला अधिक वाईट वाटतं, कारण तो स्वतःला वाचवायला गेला होता. जाणकार सांगतात की, तेवढ्या खाली आल्यावर मोठं वळण घ्यायचंच नाही. वारा आडवा असला तरी चालेल, छत्री सपाट ठेवायची, पाय जोडायचे आणि पडायचं.

पडायचं कसं, हे मात्र शिकावं लागतं. पावलं एकत्र, गुडघे किंचित वाकलेले. आधी चवडे, मग पोटरीची बाजू, मांडी, कुल्ला आणि शेवटी पाठीची बाजू, अशा क्रमाने अंग जमिनीला द्यायचं. धक्का एका हाडावर न बसता अंगभर वाटला जातो. अमरावतीकराला हे परकं वाटू नये. 1914 साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. अशा आखाड्यांत मल्लखांबावरून उतरताना आणि कुस्तीत चीत होताना अंग कसं टाकायचं, हे पोरांना आधी शिकवतात, डाव नंतर. आमच्या गावच्या विहिरीवरही कायदा होता : मोठ्यांनी पाण्याचा अंदाज घेतल्याशिवाय उडी नाही, आणि आधीचा वर आल्याशिवाय पुढच्याने सुटायचं नाही. तो कायदा मोडणाऱ्याला दिवसभर काठावर बसवत.

आता आपल्या भागाचं पाहू. वऱ्हाडाच्या आभाळात उद्या कुणी हा खेळ आणलाच, तर एप्रिल-मे त्याने विसरावेत. अकोल्याचा पारा मे 2020 मध्ये 47 अंशांच्या वर गेला होता. तापलेली हवा विरळ होते, आणि विरळ हवेत तीच छत्री जास्त वेगाने जमिनीला येते. रिकाम्या वावरांतून दुपारी फिरणारी वावटळ आपण लहानपणापासून पाहतो. जमिनीपासून पन्नास फुटांवर असलेली छत्री तिच्यात सापडली तर क्षणात गोळा होते. खाली काळ्या मातीच्या घोटा जाईल एवढ्या भेगा, आणि पऱ्हाटी उपटली नसेल तर तिची धसकटं. हिवाळ्यातली शांत सकाळ, मोकळं मैदान आणि वाऱ्याची ठरलेली मर्यादा, यांच्याशिवाय इथे उडीची गोष्ट काढू नये. अमेरिकेत शिकाऊंसाठी ही मर्यादा ताशी 14 मैल, म्हणजे सुमारे साडेबावीस किलोमीटर आहे.

मराठी माणसाचं छत्रीशी नातं जुनं आहे. पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन मूळची मराठा पलटण. बांगलादेश युद्धात 11 डिसेंबर 1971 रोजी टांगाईलजवळ छत्रीने उतरून तिने पुंगली पूल घेतला. खेळात पुण्याच्या शीतल महाजन यांचं नाव सर्वांना ठाऊक आहे. 2004च्या एप्रिलमध्ये उत्तर ध्रुवावर त्यांनी आयुष्यातली पहिलीच उडी मारली, 2011 साली पद्मश्री मिळाली आणि नोव्हेंबर 2023 मध्ये एव्हरेस्टसमोर 21,500 फुटांवरून त्या उतरल्या. ध्रुवावरच्या त्या पहिल्या उडीपुढे मी मान झुकवतो, पण तिचं अनुकरण कुणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांनी पाहावी ती त्यांची फेब्रुवारी 2018ची थायलंडमधली नऊवारीतली उडी. वाऱ्यावर सुटलेला पदर दोऱ्यांत किंवा मुठीत अडकला तर जीव जातो. नऊवारी नेसून उडी मारायची तर कापडाची एकूण एक घडी आधी जमिनीवर बंदिस्त करावी लागते. सगळी हिंमत त्या तयारीत असते.

जोखमीचं व्यवस्थापन म्हणतात ते हेच. राखीव छत्री कोणत्या उंचीला ओढायची, हा निर्णय वर गेल्यावर घेत नाहीत. तो खालीच ठरतो. वर फक्त उंचीमापकाकडे पाहायचं आणि ठरलेलं करायचं. वारा वाढला तर विमानातून उडी न मारता परत उतरायचं, आणि त्याची लाज वाटू द्यायची नाही.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, मी तं रोज गाडीवर जातो, ते काय कमी धोक्याचं हाय?" उडीचा आकडा आणि रस्त्याचा आकडा एका तराजूत घालता येत नाहीत, पण पोराचा मुद्दा खोटा नव्हता. अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या रस्त्यांवर 15,224 माणसं मेली. देशात हेल्मेट नसलेले दुचाकीवरचे 50,029 जण गेले. त्यांतल्या किती जणांनी घरातून निघताना, जमिनीवर, ठरवलं होतं की आज हेल्मेटशिवाय किल्ली फिरवायची नाही? पुतण्याचं हेल्मेट त्या दिवशीही आरशाला लटकलेलं होतं. वहिनींनी ते काढून त्याच्या हातात दिलं.

पोरगा किंवा पोरगी उडी मारायला निघाली तर अडवू नका. पैसे भरण्याआधी मात्र तिथल्या माणसाला विचारा : राखीव छत्री शेवटची कधी तपासून घडी केली, प्रशिक्षकाच्या स्वतःच्या उड्या किती, किती वाऱ्याला उडी रद्द करता, आणि गेल्या वर्षी इथे किती जणांचे पाय मोडले. शेवटच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आलं नाही, तर पोराला घेऊन परत या.