युद्धोत्तर पुनर्रचनेच्या वेगाचा वाद आणि पुण्यातील अर्थविचार

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात 'युद्धोत्तर पुनर्रचना' हा शब्दप्रयोग भारतीय सार्वजनिक जीवनात रूढ झाला. युरोपात त्याचा अर्थ उद्ध्वस्त शहरांची उभारणी असा होता. भारतात मात्र युद्धकालीन अर्थव्यवस्थेतून शांतताकालीन विकासाकडे होणारे संक्रमण त्यातून अभिप्रेत होते. हे संक्रमण किती वेगाने व्हावे, याविषयीच्या वादाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वेगाचे तीन आराखडे

१९४४ मध्ये पुरुषोत्तमदास ठाकूरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला आदी आठ जणांनी 'मुंबई योजना' प्रसिद्ध केली. पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये गुंतवून दरडोई उत्पन्न दुप्पट करावे, असे तिचे उद्दिष्ट होते. यांपैकी ३,४०० कोटी रुपये नव्याने निर्माण केलेल्या पैशातून उभे राहणार होते. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या प्रेरणेने तयार झालेल्या 'जनता योजने'ने दहा वर्षांत पंधरा हजार कोटींचा कार्यक्रम मांडून शेतीला अग्रक्रम दिला. वर्ध्याहून श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी सुमारे साडेतीन हजार कोटींची, ग्रामोद्योगांवर आधारलेली गांधीवादी योजना सुचविली.

या योजनांतील भेद केवळ आकड्यांचा नव्हता. वेगाची किंमत कोणी द्यावी, हा खरा प्रश्न होता. नवा पैसा आणि वस्तूंचे उत्पादन यांत अंतर पडले की भाववाढ होते. तिचा भार मुख्यतः शेतमजूर, कारागीर आणि ठरावीक पगारावर जगणारा वर्ग यांच्यावर पडतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने ही शक्यता किती भीषण असू शकते, हे दाखवून दिले होते. मुंबई योजनेच्या कर्त्यांनाही याची जाणीव होती. म्हणूनच नियोजनकाळात आर्थिक व्यवहारांवर कठोर नियंत्रण अपरिहार्य ठरेल, असे त्यांनी मान्य केले होते.

पुण्यातील दृष्टिकोन

गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या कार्यातून या वादाची दुसरी बाजू पुढे येते. त्यांच्या अध्यक्षतेखालील कृषी वित्त उपसमितीने १९४५ मध्ये शेतकऱ्यांची जुनी कर्जे सक्तीने कमी करण्याची आणि शासनाच्या साहाय्याने पतपुरवठ्याच्या संस्था उभारण्याची शिफारस केली. पैसा ओतण्यापूर्वी तो योग्य ठिकाणी पोहोचविणारी व्यवस्था हवी, हे या शिफारशींमागील सूत्र होते.

नियंत्रणमुक्तीचा अनुभव

वादाची प्रत्यक्ष कसोटी १९४७ मध्ये लागली. नियंत्रणांमुळे काळाबाजार आणि भ्रष्टाचार वाढतो, असा गांधीजींचा आक्षेप होता व तो निराधार नव्हता. याउलट ए. डी. गोरवाला आणि गाडगीळ यांचा समावेश असलेले वस्तुमूल्य मंडळ घाईने नियंत्रणे उठविण्यास अनुकूल नव्हते. डिसेंबर १९४७ पासून अन्नधान्यावरील नियंत्रणे शिथिल झाली. युद्धपूर्व पातळी १०० मानता घाऊक किमतींचा निर्देशांक सुमारे ३०० वरून १९४८ च्या मध्यापर्यंत ३९० च्या आसपास गेला. त्याच वर्षी शासनाला पुन्हा नियंत्रणांकडे वळावे लागले.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, पुनर्रचनेचा वेग हा निव्वळ तांत्रिक प्रश्न नसून वितरणाचा, म्हणूनच राजकीय, प्रश्न असतो. नियंत्रणे ठेवली तर अप्रामाणिक प्रशासनाचा जाच होतो. ती एकाएकी काढली तर दुर्बल घटक बाजाराच्या हाती सापडतात. या पेचावर संस्थात्मक उभारणी हे एक उत्तर होते. गाडगीळ ज्याचे पहिले अध्यक्ष होते, त्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप १९५० च्या अखेरीस सुरू झाले. दहा हजार कोटींच्या आराखड्यापुढे हा प्रयोग लहान होता. परंतु भांडवल वापरण्याची क्षमता त्याने गावातच निर्माण केली. कोणत्याही विकासयोजनेचा वेग ठरविताना खर्चाच्या आकड्याबरोबरच या क्षमतेचाही विचार व्हावा, हे या वादाचे महत्त्वाचे फलित होय.