मिटलेल्या डोळ्यांचे छायाचित्र

रेडिओवर छायाचित्रांविषयी बोलायचे म्हणजे आंधळी कोशिंबीरच. तरी दोन छायाचित्रे डोळ्यांपुढे आणा. दोन्ही एकाच माणसाची, कृष्णधवल, चेहरा अगदी जवळून टिपलेला. पहिल्यात डोळे उघडे, दुसऱ्यात मिटलेले. पहिले जिवंतपणीचे, दुसरे मृत्यूनंतरचे.

अशा जोड्या वाल्टर शेल्स या जर्मन छायाचित्रकाराने टिपल्या. जन्म १९३६चा, म्हणजे बालपण महायुद्धात गेलेले. मरणाची आपल्याला फार भीती वाटते, हे त्याने कधी लपवले नाही. साठी उलटल्यावर त्याने ठरवले, जिची भीती वाटते तिच्याच दारात जाऊन उभे राहायचे. पत्रकार बेआटे लाकोटा यांच्यासह तो हॉस्पिसमध्ये जाऊ लागला. बरे होण्याची आशा संपलेल्यांची अखेरपर्यंत शुश्रूषा करणारी ही घरे. (आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले, ते याच प्रकारचे.) लाकोटा रुग्णांशी बोलत, शेल्स छायाचित्र घेई. मृत्यूनंतर पुन्हा यायचे, हे आधीच ठरलेले असे, त्यांच्या संमतीने. त्यात तान्ही मुलगी होती, तसेच ऐंशी ओलांडलेले वृद्धही. २००४ साली त्याचे पुस्तक झाले, २००८ साली लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये प्रदर्शन भरले.

मरणाऱ्याच्या खाटेशी कॅमेरा नेणे मला आधी निर्दयपणाचे वाटले होते. मत बदलले ते लाकोटांनी लिहिलेले वाचून. त्या माणसांना आपले ऐकून घेणारे कुणी हवे होते. भेटायला येणारे आप्त मात्र 'लवकर बरे व्हा' म्हणून विषय टाळत.

अमेरिकन छायाचित्रकार रॉबर्ट मॅपलथॉर्प याला एड्स झाला होता. १९८८ साली त्याने स्वतःचेच छायाचित्र काढले. हातातल्या काठीच्या मुठीवर कोरलेली कवटी त्यात लख्ख दिसते, चेहरा मागे किंचित धूसर. पुढच्या वर्षी, बेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. तिथे मरणाची खूण दाखवावी लागली. शेल्सकडे खूण नाही, नुसता चेहरा आहे.

आणि त्या जोड्या पाहताना मला एक उलटेच जाणवले. घाबरायला होईल असे वाटले होते दुसऱ्या छायाचित्रापाशी. पण भीती होती ती पहिल्यात. उघड्या डोळ्यांत. दुसऱ्या चेहऱ्यावर काहीच मागणे उरलेले नव्हते. काही जण तर तरुण वाटत होते.

हे मला फार उशिरा कळले. अब्बा गेले तेव्हा जनाजा उचलण्याआधी कुणीतरी हाक दिली, 'ज्यांना तोंड बघायचंय त्यांनी बघून घ्या.' मी दारात चपला बाजूला सारत राहिलो. त्या वेळी ते काम फार महत्त्वाचे आहे असा चेहरा केला होता मी. आत गेलो नाही. कफनाची गाठ बांधली गेली. नंतर चुलतभाऊ म्हणाला, 'अरे, झोपल्यासारखे दिसत होते.'

आमच्या घरात भिंतीवर तसबिरी लावायची रीत नव्हती. अब्बांचा एकच फोटो आहे, हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. कॅमेऱ्याची सवय नसलेला माणूस, डोळे ताठ उघडे, जरासे भ्यालेले. जोडीतले पहिले छायाचित्र तेवढे माझ्याकडे आहे.