न ऐकलेलं गाणं

एक गंमत करून बघा. आवडत्या गाण्याची एक ओळ घ्या. शब्द नकोत, नुसती चाल. ती कागदावर लिहा आणि शेजारच्या मित्राला द्या. अटी दोनच. तुम्ही गुणगुणायचं नाही आणि त्याने ते गाणं आधी कधी ऐकलेलं नसावं. कागद बघून त्याला ती चाल जशीच्या तशी गाता आली पाहिजे.

काय लिहाल? ‘आधी वर जा, मग खाली ये, शेवटी लांबव’? मित्र विचारणारच, वर म्हणजे किती वर?

हजार वर्षांपूर्वी युरोपातले भलेभले गवई इथेच अडकले होते. सातव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलचे बिशप इसिदोर हे मोठे विद्वान होते. त्यांनी लिहून ठेवलं होतं की सूर माणसाच्या आठवणीत राहिले तर राहिले, नाहीतर गेले, कारण सूर लिहिता येत नाहीत. झालं! एवढा मोठा माणूस म्हणतोय म्हटल्यावर कोण वाद घालणार?

पण लिहिता येत नसलं तरी गावं तर लागायचंच. त्या काळी ख्रिस्ती मठांमध्ये दिवसातून सात वेळा आणि शिवाय रात्री एकदा प्रार्थना गायल्या जात. संत बेनेडिक्ट यांची मठासाठीची नियमावली सहाव्या शतकातली. तिच्यात सांगितलंय की दीडशेच्या दीडशे स्तोत्रं दर आठवड्याला पूर्ण झालीच पाहिजेत. वर्षभरातल्या सणांची गाणी वेगळीच. मठात लहान मुलंही असायची. आईवडील त्यांना तिथे आणून सोडत. गाताना मोठा माणूस चुकला तर त्याने सगळ्यांसमोर चूक कबूल करायची. आणि लहान मूल चुकलं तर? मार! हे नियमातच लिहिलेलं आहे. मला तर वाचूनच हातावर छडी बसल्यासारखं झालं.

ही सगळी गाणी शिकायची ती गुरुजींच्या तोंडून ऐकून. पाठांतर व्हायला वर्षानुवर्षं जात.

नवव्या शतकाच्या सुमारास कोणीतरी एक युक्ती काढली. शब्दांच्या डोक्यावर बारीक खुणा करायच्या: टिंब, आकडी, शेपटीवाली रेघ. ती पानं बघितली की वाटतं, शाईत पाय बुडवून मुंग्या चालत गेल्यात. सूर इथे चढतो आणि इथे उतरतो, एवढं त्या खुणा सांगत. किती चढतो, ते नाही. गाणं आधीच येत असेल तर आठवायला मदत व्हायची. येत नसेल तर मुंग्या बघत बसा.

आता आपला नायक येतो. त्याचं नाव ग्विदो. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला तो इटलीत, समुद्राजवळच्या पोम्पोसा इथल्या मठात राहायचा. मुलांना गाणं शिकवायची त्याची रीत इतकी झटपट होती की मठातल्या इतरांच्या पोटात दुखायला लागलं. शेवटी तो तिथून निघाला आणि अरेत्सो या गावी गेला. तिथल्या बिशपने त्याला आसरा दिला आणि पोरांना शिकवायचं काम सोपवलं.

ग्विदोने केलं काय? रेघा ओढल्या! हसू नका. त्याचं पान जवळून बघू. कागद नाहीच तो. ते जनावराचं कातडं आहे, चुन्याच्या पाण्यात भिजवून, खरवडून, चौकटीवर ताणून वाळवलेलं. त्यावर शब्दांच्या वर आडव्या रेघा, एकीवर एक. काही नुसत्या टोकदार सळईने कोरलेल्या, पण एक लाल आणि एक पिवळी. रेघेच्या सुरुवातीला एखादं अक्षर. लाल रेघेवरचा सूर नेहमी तोच, पिवळीवरचाही नेहमी तोच. आता खूण रेघेवर बसली की एक पायरी आणि दोन रेघांमधल्या जागेत बसली की पुढची पायरी. मुंग्या जिन्यावर चढल्या म्हणा ना! कोणता सूर किती वर, हे आता डोळ्यांनी मोजता येऊ लागलं.

पण जिना दिसला तरी पाय कसा टाकायचा, हे गळ्याला कळायला हवं. त्यासाठी ग्विदोने एक स्तोत्र निवडलं. ते संत योहानाचं, आणि त्यात गाणाऱ्यांचा गळा मोकळा व्हावा अशी विनवणी आहे. त्याच्या चालीत पहिल्या सहा ओळींपैकी प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक सूर वरून सुरू होते. ग्विदोने त्या ओळींची पहिली अक्षरं उचलली: उत, रे, मी, फा, सोल, ला. ‘उत’ गायला अवघड, म्हणून पुढे त्याचा ‘दो’ झाला आणि सातवा ‘सी’ही नंतर आला.

‘हे तर आपल्या सारेगमसारखंच!’ असं म्हणालात ना? आपली सा रे ग म ग्विदोच्याही आधीची आहे. मतंगांच्या ‘बृहद्देशी’ या जुन्या ग्रंथात ती आहे. षड्जाचा सा, ऋषभाचा रे, गांधाराचा ग, अशी तीही पहिल्या अक्षरांवरूनच. घरी पेटी असेल तर पांढरी एक सा धरून सा रे ग म प ध वाजवा. ग्विदोच्या सहा पायऱ्या त्याच. ग आणि म यांच्यामध्ये काळी पट्टी नाही, दिसलं? तिथली पायरी बुटकी आहे. तीच ग्विदोची मी आणि फा यांच्यामधली. आपला सा जसा कुठल्याही पट्टीवर धरता येतो, तसं त्याचं ‘उत’ही एकाच जागी खिळलेलं नव्हतं.

ग्विदोच्या या युक्तीची खबर रोमला पोचली. पोप एकोणिसावे जॉन यांनी ग्विदोला बोलावून घेतलं. ते त्याचं पुस्तक चाळत बसले, प्रश्न विचारत राहिले आणि एक ओळ स्वतः गाऊन पाहिली. आधी कधीही न ऐकलेली ओळ. बरोबर आली! पण रोमचा दमट उन्हाळा ग्विदोला मानवला नाही, आजारी पडून तो परतला.

पोम्पोसातल्या मायकल नावाच्या मित्राला त्याने हे सगळं पत्रातून कळवलं. त्याच पत्रात एका काच-कारागिराची गोष्ट आहे. त्याने न फुटणारी काच बनवून रोमच्या सम्राटाला दाखवली आणि बक्षीस म्हणून जीव गमावला! मठात आपलंही तसंच झालं, असं ग्विदोला वाटत होतं. पूर्वी दहा वर्षं लागायची तिथे आता एक किंवा फार तर दोन वर्षांत गवई तयार होतो, असंही तो सांगतो.

त्या रेघा पुढे पाच झाल्या, जगभर पसरल्या आणि पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातही आल्या. तिथल्या चर्चच्या शाळांत पोरं दो रे मी घोकत व्हायोलिन शिकली. त्यांच्यातली कितीतरी मोठी होऊन मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. संगीतकार चाल गुणगुणायचा, संयोजक ती पाच रेघांवर उतरवायचा आणि कागद वाटले जायचे. चष्मे सावरून, व्हायोलिन हनुवटीखाली धरून सगळे एकदम सुरू व्हायचे. हातातला कागद त्यांनी त्या सकाळी पहिल्यांदाच पाहिलेला असायचा.