खेळांतला धडा

“खेळ पुरे, आतां अभ्यास!” हें वाक्य मुलांच्या घरांत दिवसांतून दहा वेळां ऐकूं येतें. तीस वर्षें शाळेंत शिकविण्यांत घालविलेल्या प्रस्तुत लेखकानें तें किती वेळां उच्चारलें असेल, याची गणती नाहीं. खेळ व अभ्यास हे परस्परांचे वैरी आहेत, असें त्यांत गृहीत धरलेलें असतें. गेल्या उन्हाळ्यांत पळस्पे येथील आमच्या घरीं घडलेल्या एका प्रसंगानें माझ्यापुरतें तरी हें गृहीत खोटें ठरविलें. तो प्रसंग वाचकांपुढें ठेवीत आहें.

माझी नात नऊ वर्षांची. तिचे पाढे पक्के व्हावे म्हणून तिच्या वडिलांनीं संगणकावर एक खेळ आणून दिला. पडद्यावर “सात आठे किती?” असा प्रश्न येतो, खालीं चार उत्तरें दिसतात आणि बरोबर उत्तरावर बोट ठेवलें कीं एक राक्षस मरतो. पंधरा दिवसांत शेंकडों राक्षस मेले; घरांत सर्वांना आनंद झाला. एके दिवशीं मीं तिला छपन्न चिंचोके देऊन म्हटलें, “यांच्या सात सारख्या रांगा मांड पाहूं.” ती गोंधळली. “आजोबा, खेळांत चार उत्तरें समोर असतात. त्यांतलीं दोन उगाच मोठीं असतात. उरलेल्या दोहोंतलें एक दाबायचें!”

दोष मुलीचा नव्हता. खेळ रचणाराचा होता. पाढा आणि राक्षस यांचा परस्परांशीं संबंधच नव्हता. पाढ्याच्या जागीं इतिहासांतील सनावळी घातली असती, तरी तोच खेळ तसाच चालला असता. आमच्या जुन्या सारीपाटांत असें होत नाहीं. सोंगटी घरीं नेण्यास किती दान हवें आणि पडलेलें दान कोणत्या सोंगटीस द्यावें, हा हिशेब हीच तेथें चाल असते. हिशेब चुकला तर सोंगटी मारली जाते. रागावण्यास मास्तर लागत नाहीं.

संगणकाच्या बाबतींत हा विचार प्रथम ज्यांनीं केला, त्यांत सीमूर पॅपर्ट (१९२८–२०१६) हे गणितज्ञ प्रमुख होत. १९६७ सालीं त्यांनीं अमेरिकेंत सहकाऱ्यांसह मुलांसाठीं ‘लोगो’ नांवाची संगणकभाषा तयार केली. पुढें तींत एक कासव आलें. “पुढें १००, उजवीकडे ९०” अशी आज्ञा चार वेळां दिली कीं कासवाच्या चालीनें चौरस उमटतो. याच विचारांतून निघालेल्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या योजनेचा भारतांतील पहिला प्रयोग २००७ सालीं आमच्याच रायगड जिल्ह्यांत, खैराट येथें, एका लहानशा शाळेंत झाला. त्या हिरव्यापांढऱ्या चिमुकल्या संगणकासाठीं केलेल्या खेळांत हें कासव होतें. जोड्या जुळविण्याचाही एक खेळ होता व त्यांतील जोड्या मुलांना स्वतः रचतां येत. जोडी रचावयाची तर प्रश्न व उत्तर दोन्ही आधीं स्वतःस उमगावीं लागतात, हें सांगणें नकोच.

तें कासव आतां विनामूल्य मिळतें. सूनबाईनें तें आमच्या संगणकावर आणलें. नातीनें चौरस काढला व मग समभुज त्रिकोण काढावयास घेतला. “किती वळवूं, आजोबा?” समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन साठ अंशांचा, हें मी झोंपेंतही सांगेन. “साठ,” मी म्हणालों. कासव तीन बाजू चाललें, पण त्रिकोण मिटला नाहीं. नात आज्ञा देत राहिली. सहाव्या बाजूस आकृति मिटली. “आजोबा, हें तर मधाच्या पोळ्यांतलें घर!”

मी निरुत्तर झालों. ती उठून अंगणांत गेली आणि स्वतःच कासव होऊन चालूं लागली. दुसऱ्या कोपऱ्याशीं थबकून ओरडली, “साठ हा आंतला कोन! मी तर बाहेरून वळतें आहें!” एकशें वीस घालतांच त्रिकोण मिटला. संध्याकाळपर्यंत तिला हेंही दिसलें कीं, चौरसाचे चार नव्वद, त्रिकोणाचे तीन एकशें वीस व षट्कोनाचे सहा साठ यांची बेरीज दर वेळीं तीनशें साठच होते. हाच सिद्धांत मीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहून दिला होता व मुलांनीं तो पाठ केला होता.

तेव्हां घरांत असा एखादा खेळ आणण्यापूर्वीं वडील मंडळींनीं तो स्वतः घटकाभर खेळून पाहावा. त्यांतील धडा काढून टाकला तरी खेळ तसाच चालत असेल, तर धडा वरवर चिकटविलेला आहे असें समजावें. मूल चुकलें असतां खेळ नुसता “चूक” म्हणतो, कीं चुकीचा परिणाम डोळ्यांपुढें मांडतो, हेंही पाहावें. आमचा साठ अंशांचा त्रिकोण षट्कोन झाला नसता, तर नात अंगणांत गेलीच नसती.

त्या दिवसापासून माझ्या वर्गांतील एक जुना विद्यार्थी मला वारंवार आठवतो. समभुज त्रिकोणाचा कोन किती, या प्रश्नास त्यानें “एकशें वीस” असें उत्तर दिलें होतें आणि वर्ग हंसला होता. मीं त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभें केलें. तो कोणत्या वाटेनें त्या उत्तरापाशीं पोहोंचला, हें मात्र मीं विचारलें नाहीं.