उन्हाळ्यात जुन्या पिकअप वाहनांतील इंधनपुरवठ्याचे दोष : कारणे व निदान

प्रस्तावना : गोंदिया जिल्हा धान उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळी धानाची कापणी व वाहतूक साधारणतः मे महिन्यात होते आणि याच काळात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. गोंदिया शहरालगतच्या कुडवा परिसरातून राईस मिलकडे निघालेले जुने पिकअप भर दुपारी बंद पडले, तर अनेकदा ते थंड झाल्याशिवाय सुरू होत नाही. निदान चुकल्यास चांगला पंप बदलण्याचा भुर्दंड वाहनमालकास सोसावा लागतो. या दोषाची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात करण्यात आली आहे.

पेट्रोल वाहने : कार्ब्युरेटरच्या जुन्या वाहनांत इंजिनावरील पंप टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. या ओढीमुळे नळीतील दाब कमी होतो व उत्कलनबिंदू खाली येतो. पेट्रोलमधील हलके घटक ३५ ते ४० अंशांच्या सुमारासच उकळू लागतात. इंजिन बंद केल्यावर पंखा व पाण्याचे अभिसरण थांबून बोनेटखालील उष्णता काही काळ वाढते. नळीत वाफ साचते. पंप वाफच दाबत राहतो, इंधन पुढे सरकत नाही. यास ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. मात्र तापलेली इग्निशन कॉइलही अशीच लक्षणे दाखविते. म्हणून प्रथम ठिणगी तपासणे आवश्यक ठरते.

डिझेल वाहने : १९८८ साली बाजारात आलेल्या टाटामोबाईल २०६ सारख्या डिझेल वाहनांना हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. डिझेलचे उकळणे साधारणतः १५० अंशांच्या पुढे सुरू होते. येथे प्रश्न श्यानतेचा, म्हणजे दाटपणाचा आहे. भारतीय मानकानुसार ४० अंशांस ती २.० ते ४.५ सेंटिस्टोक असते व तापमानाबरोबर घटत जाते. इंजेक्शन पंपाचे भाग झिजलेले असल्यास पातळ झालेले डिझेल फटींतून निसटते. स्टार्टरच्या मंद गतीस पुरेसा दाब तयार होत नाही. परिणामी सकाळी सहज सुरू होणारे वाहन दुपारी सुरू होत नाही.

निदानाचा क्रम : प्रथम इंजिन थंड झाल्यावर टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा आवाज आल्यास झाकणाचे छिद्र बुजलेले असण्याची शक्यता असते. त्यानंतर फिल्टर व रबरी नळ्या पाहाव्यात. उष्णतेने कडक झालेल्या नळीतून हवा ओढली जाते. डिझेल वाहनात तात्पुरती पारदर्शक नळी जोडल्यास बुडबुडे स्पष्ट दिसतात. पंपाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

पंपावर ओले फडके ठेवण्याचा उपाय दोन्ही वाहनांत गुणकारी ठरतो, परंतु त्याचा अर्थ भिन्न आहे. पेट्रोल वाहनात त्यातून वाफ झाल्याचे सूचित होते; तेथे नळी उष्णतेपासून दूर घेणे पुरेसे ठरू शकते. डिझेल वाहनात मात्र तो पंपाच्या झिजेचा संकेत असतो.

निष्कर्ष : लक्षण एक असले तरी कारण इंधनाच्या गुणधर्मानुसार बदलते. साध्या तपासण्या क्रमाने केल्यास ऐन हंगामातील खोळंबा व अनाठायी खर्च दोन्ही टाळता येतात.