फुंकरीने सरकणारी गोळी

रंगाच्या गोळ्या झाडणारा पेंटबॉल मार्कर समजून घ्यायचा तर सुरुवात गोळीपासून करावी. यंत्र त्यानंतर. गोळीचा व्यास 0.68 इंच, म्हणजे जवळपास 17.3 मिलिमीटर, आणि वजन साधारण 3 ग्रॅम. आत पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि रंग, बाहेर जिलेटिनचं पातळ कवच. लहानपणी आई हातावर ठेवायची ती कॉड लिव्हर ऑइलची पिवळी, पारदर्शक कॅप्सूल आठवा. पेंटबॉल तिचीच मोठी बहीण, आणि दोघींना जन्म देणारं तंत्रही एकच. मऊ जिलेटिनच्या दोन पट्ट्या फिरत्या साच्यांमधून आणून त्यांच्यामध्ये द्रव भरायचा आणि कडा तिथल्या तिथे सांधायच्या. औषधांसाठी बसवलेल्या या पद्धतीवर पुढे एक अख्खा खेळ उभा राहिला.

या गोळीकडून दोन विरुद्ध अपेक्षा असतात. समोरच्या खेळाडूच्या जर्सीवर आदळताच ती फुटली पाहिजे, आणि नळीतून सुटताना मात्र अजिबात फुटता कामा नये. नळीतला प्रसंग किती कठीण असतो याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. मैदानावर वेगाची मर्यादा सहसा सेकंदाला 300 फूट, म्हणजे सुमारे 91 मीटर असते. नळी 14 इंचांची. एवढ्याशा अंतरात स्थिर अवस्थेतून हा वेग गाठायचा तर गोळीला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी हजार-बाराशे पट त्वरण सोसावं लागतं, तेही दहा मिलिसेकंदांच्या आत. बोटांनी जरा जोराने दाबली तरी फुटणारी ही वस्तू तिथून अखंड बाहेर पडते. मार्करची रचना मला मोहवते ती यामुळेच. यंत्राची सगळी अक्कल गोळीला जपण्यात खर्च झाली आहे.

‘मार्कर’ हे नाव कुणी सौम्य वाटावं म्हणून शोधलेलं नाही. अमेरिकेत वनकर्मचारी तोडायच्या झाडांवर आणि गुरं पाळणारे आपल्या जनावरांवर लांबून रंगाची खूण करायला हे साधन वापरत. नेल्सन पेंट कंपनीसाठी डेझीने बनवलेलं ‘नेलस्पॉट 007’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं. 27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात बारा जणांनी ते हातात घेऊन पहिला खेळ खेळला. जिंकला एक वनकर्मचारीच, आणि तो एकही गोळी न झाडता, जिंकण्यासाठी गोळा करायचे सगळे झेंडे घेऊन आला! त्या नेलस्पॉटला प्रत्येक गोळीमागे हाताने खटका ओढावा लागे. पुढची पंधरा वर्षं पंप, मग वायूच्या जोरावर आपोआप मागे येणारे अर्धस्वयंचलित मार्कर, असा प्रवास झाला. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात स्मार्ट पार्ट्सचा ‘शॉकर’ आणि ब्रिटनच्या डब्ल्यूडीपीचा ‘एंजल’ आले, आणि ट्रिगरखाली विजेची तार आली.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. इलेक्ट्रॉनिक मार्कर जास्त जोरात मारत नाही. वेगाची मर्यादा सगळ्यांना सारखीच असते. खेळापूर्वी क्रोनोग्राफ नावाच्या वेगमापकापुढे प्रत्येकाला गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात. विजेमुळे मिळाला तो नेमकेपणा. हवा कधी सोडायची, किती वेळ सोडायची आणि मुख्य म्हणजे कधी सोडायची नाही, हे ठरवता येऊ लागलं.

मँचेस्टरच्या प्लॅनेट एक्लिप्सने 2005 साली आणलेला ‘इगो’ हा या घराण्यातला माझा आवडता नमुना, कारण त्याच्यात प्रत्येक काम कुठे होतं ते बोट ठेवून दाखवता येतं. मागे सिलिंडर, त्यात 4500 पीएसआयपर्यंत दाबलेली हवा. मोटारीच्या टायरच्या जवळजवळ एकशेचाळीस पट. सिलिंडरच्या तोंडावरचा रेग्युलेटर हा दाब शेकड्यांत आणतो. ट्रिगरच्या पुढे उभा असलेला दुसरा रेग्युलेटर तो आणखी उतरवून दोनशेच्या आसपास स्थिर करतो. खेळाडू डाव्या हाताने यालाच धरून ठेवतात. तिसरा, पुढच्या टोकाचा छोटा रेग्युलेटर यातलीच थोडी हवा त्याहूनही कमी दाबावर घेतो, आणि ती फक्त आतले भाग हलवण्यासाठी असते. धरणाचं पाणी कालव्यात, कालव्याचं चारीत आणि चारीचं सरीत यावं तसा हा उतरत जाणारा दाब. शेवटी रोपापर्यंत पोचतं ते मूळ खणून न काढणारं पाणी.

अंग दोन नळ्यांचं, एकीवर एक. खालच्या नळीत रॅम आणि त्याला जोडलेला हातोडा, वरच्या नळीत बोल्ट. दोन्ही एका खिळीने जोडलेले, त्यामुळे एकत्र पुढे-मागे होणारे. ट्रिगर दाबला की सर्किट बोर्ड सोलेनॉइड नावाच्या विजेच्या झडपेला इशारा देतो. झडप काही मिलिसेकंद उघडी राहते. या अवधीला खेळाडू ‘ड्वेल’ म्हणतात. तेवढ्यात रॅम पुढे सरकतो, वर बोल्ट गोळीला नळीच्या तोंडाशी ढकलून दार लावतो, खाली हातोडा मुख्य झडपेची दांडी ठोकतो, आणि मोजून सुटलेली हवा बोल्टमधून गोळीच्या पाठीवर येते. झडप बंद, सगळं मागे, वरच्या लोडरमधून पुढची गोळी खाली. सेकंदाला दहा गोळ्यांचा वेग धरला तर या साऱ्याला 100 मिलिसेकंद मिळतात.

आता गोळी पूर्ण खाली उतरलीच नसेल तर? जुन्या मार्करमध्ये अशा वेळी पुढे येणारा बोल्ट अर्धवट आलेल्या गोळीला कापायचा. आत रंगाचा लगदा, नळी माखलेली, पुढची प्रत्येक गोळी वाकडी. खेळाडूचा तो डाव तिथेच संपला. यावरचा उपाय म्हणजे ‘डोळे’. गोळी जिथे उतरते त्या खोबणीच्या एका बाजूला इन्फ्रारेड दिवा, समोर ते किरण टिपणारा सेन्सर. गोळी नीट बसली की किरण अडतो, आणि तेव्हाच बोर्ड झडप उघडू देतो. बोट कितीही घाई करो, गोळी जागेवर नसेल तर मार्कर थांबतो. डोळ्यांवर रंग उडून ते आंधळे झाले तर बोर्डाला तेही कळतं आणि तो मुद्दाम वेग कमी करतो. या खेळात विजेने केलेलं सर्वांत मोठं काम कोणतं असं विचारलं, तर मी या थांबण्याकडेच बोट दाखवीन.

ट्रिगरची गोष्ट मात्र थोडी बिघडली. दाब फक्त एका स्विचवर द्यायचा, त्यामुळे ट्रिगर इतका हलका झाला की तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने पियानोसारखं चालवता येऊ लागलं. धातूचे संपर्कबिंदू जुळताना सूक्ष्म थरथरतात. बोर्ड बारीक लक्ष देत असेल तर एका दाबाचे दोन-तीन मोजतो. वर मार्करच्या स्वतःच्या हादऱ्याने ट्रिगर बोटावर आपटतो तो वेगळाच. म्हणून ‘डिबाउन्स’ ही सेटिंग असते, म्हणजे ठरावीक मिलिसेकंदांच्या आतला दुसरा संकेत सोडून देणं. ती सैल ठेवून गोळ्यांचा पाऊस पाडणारे निघाले, पंचांना खरा दाब आणि खोटा दाब ओळखता येईना. अखेर मोठ्या स्पर्धांनी वास्तव मान्य केलं: ठरलेल्या लयीत ट्रिगर दाबत राहिलात तर वाढीव गोळ्या मार्कर स्वतः सोडील, पण ठरलेल्या कमाल वेगापुढे नाही. ती कमाल पूर्वी सेकंदाला पंधरा होती, आता दहाच्या आसपास आहे. मला ही उतरण योग्य वाटते. अंगावर एकदम चार फुटण्यापेक्षा एक फुटली तरी माणूस बाद होतोच.

पुढे ‘जिओ’सारख्या मार्करमध्ये हातोडाच गेला. तिथे बोल्टच झडपेचं काम करतो आणि हवेच्या बळावर सरकतो. ठोका नाही म्हणून हादरा कमी, गोळीला धक्काही कमी. बदल्यात ओ-रिंग जास्त आणि त्यांना ग्रीसची काळजीही जास्त. अशा मार्करना हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड चालत नाही. तो सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, गारठ्यात त्याचा दाब पडतो, आणि द्रवाचा थेंब सोलेनॉइडपर्यंत पोचला तर सील आखडतात. कोरडी दाबलेली हवाच हवी.

राहिली नळी, जिच्यात वीज अजिबात नाही. चांगल्या नळीबरोबर आतून हजारांश इंचांच्या फरकाची वेगवेगळी मापं मिळतात, कारण जिलेटिन हवेतली ओल शोषतं. पावसाळ्यात डब्यातला पापड जसा मऊ पडतो तशी दमट दिवशी गोळी फुगते, आणि काल बसणारी नळी आज घट्ट होते. माप जुळलं की नाही हे पाहायला उपकरण लागत नाही. नळीचा मागचा भाग सुटा करून त्यात गोळी ठेवायची. ती आपोआप घरंगळून पडली तर नळी मोठी आहे. अडून राहिली, आणि तोंडाने फुंकर घालताच अलगद पुढे सरकली, तर हीच आजची नळी.

मग ती घट्ट बसवायची, तोंडावर सुरक्षेची पिशवी चढवायची, गॉगलचा पट्टा आवळायचा, आणि क्रोनोग्राफच्या रांगेत जाऊन उभं राहायचं.